नोकरी बदलली, घर बदललं: सोबत काय येतं, मागे काय राहतं?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, देशभर लागू झाल्या आणि लगेच व्हॉट्सॲपवर एक ओळ फिरू लागली: 'आता एका वर्षात ग्रॅच्युइटी!' ग्रॅच्युइटी म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, आणि ही ओळ अर्धीच खरी आहे. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना, म्हणजे ज्यांच्या नेमणूकपत्रातच नोकरी संपण्याची तारीख लिहिलेली असते त्यांना, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. कायम नोकरीतल्यांसाठी पाच वर्षांची अट आहे तिथेच आहे. ती ओळ वाचून दोन-तीन वर्षांत राजीनामा देणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या हाती ग्रॅच्युइटीपोटी काहीच पडणार नाही.

मुंबईत दोन-अडीच वर्षांनी नोकरी आणि अकरा महिन्यांनी घर बदलणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कधी दोन्ही एकदमच बदलतात: ऑफिस लोअर परळहून ऐरोलीला गेलं की अंधेरीचं घर परवडत असूनही प्रवास परवडत नाही. पगार किती वाढला आणि भाडं किती वाढलं याचा हिशोब सगळेच करतात. मागे काय राहिलं हे मात्र बऱ्याचदा काही वर्षांनी कळतं, तेही एखादा अर्ज फेटाळला गेल्यावर.

तिकीट तेच की नवं?

दादरला वेस्टर्न सोडून सेंट्रल धरली तरी लोकलचं तिकीट तेच चालतं. घाटकोपरला उतरून मेट्रोत शिरायचं तर मात्र नवं तिकीट. नोकरी आणि घराशी जोडलेल्या हक्कांचे असेच दोन गट पडतात. काही हक्क तुमच्या नावावर असतात आणि मालक बदलला तरी पुढे चालू राहतात. पीएफ, पेन्शनची सेवा, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) क्रमांक हे त्यातले. काही त्या कंपनीशी किंवा त्या पत्त्याशीच बांधलेले असतात आणि बाहेर पडताक्षणी शून्यावर येतात: ग्रॅच्युइटी, कंपनीचा आरोग्य विमा, बाळंतपणाच्या रजेची पात्रता.

पहिल्या गटात नुकसान होतं ते कागदपत्रांच्या हयगयीमुळे, म्हणजे ते टाळता येतं. दुसऱ्या गटातलं नुकसान टळत नाही, पण राजीनाम्याची तारीख पाहून ठरवली तर कमी करता येतं.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षांचा उंबरठा

 सूत्र सोपं आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. वेतन ४०,००० रुपये आणि सेवा पाच वर्षं असेल तर १,१५,३८५ रुपये होतात. दहा वर्षांत चार नोकऱ्या केल्या आणि एकीकडेही पाच वर्षं भरली नाहीत, तर शून्य. कारण इथे वर्षं एका कंपनीतून दुसरीकडे जोडता येत नाहीत.

चिडचिड व्हावी अशी गोष्ट पुढेच आहे. अनेक कंपन्या ऑफर देताना सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चात, ग्रॅच्युइटीही धरतात. मूळ पगाराच्या ४.८१ टक्के अशी ती ओळ असते. मूळ पगार ४०,००० असेल तर वर्षाला सुमारे २३,००० रुपये झाले. पाच वर्षांच्या आत सोडलं तर हे पैसे कधीच तुमच्या हाती येत नाहीत. दोन ऑफर्सची तुलना करताना ही रक्कम दोन्हीकडून वजा करून बघा. 'बारा लाखांचं पॅकेज' तिथेच थोडं खाली येतं.

नव्या संहितांनी वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवणाऱ्या कंपन्यांत ग्रॅच्युइटीची रक्कम त्यामुळे वाढते.

'चार वर्षं आणि २४० दिवस झाले की पाच वर्षं धरतात ना?' वर्षात २४० दिवस काम म्हणजे सलग वर्ष, असं कायदा सांगतो आणि त्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षाबाबत असा अर्थ लावला आहे. पण सगळ्या कंपन्या तो आपणहून मानत नाहीत. राजीनाम्याआधी एचआरकडून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी 'हो मिळेल'चा काही उपयोग नाही.

पीएफ: पैसे तुमचेच, पण सापडले पाहिजेत

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, हा तेच तिकीट चालणारा हक्क. यूएएन हा १२ आकडी क्रमांक जन्मभर एकच असतो आणि प्रत्येक कंपनीचं खातं त्याखाली जोडलं जातं. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना यूएएन दिला नाही तर दुसरा तयार होण्याची शक्यता असते, आणि पुढची निम्मी कटकट तिथून सुरू होते.

नोकरी बदलल्यावर क्रम असा ठेवा. नव्या कंपनीने पहिल्या महिन्याचा पीएफ भरला की ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी' उघडून जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. ती रिकामी असेल तर ट्रान्स्फर अडकतो. कंपनी दाद देत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ही तारीख तुम्ही स्वतः 'मार्क एक्झिट'मधून भरू शकता. मग ट्रान्स्फरचा अर्ज. आधार, पॅन आणि बँक खातं पडताळलेलं असेल तर काही वेळा ट्रान्स्फर आपोआपही होतो, पण तो झाला की नाही हे पासबुक उघडून बघावंच लागतं.

अडतं कुठे? आधारवर 'कुलकर्णी' आणि पीएफमध्ये वेगळं स्पेलिंग. लग्नानंतर बदललेलं नाव. जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस आणि नवीचा पहिला दिवस एकमेकांवर आलेले, म्हणजे एकाच तारखेला दोन नोकऱ्या. किंवा जुन्या कंपनीचा पीएफ सरकारकडे नसून तिच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असणं. नावाची आणि तारखेची दुरुस्ती 'जॉइंट डिक्लरेशन' या अर्जाने होते. ट्रस्टच्या बाबतीत ट्रस्टकडून 'ॲनेक्शर के' हा तपशील ईपीएफओकडे जावा लागतो. कंपनी सोडण्याआधीच त्याची मागणी करून ठेवा. सहा महिन्यांनी तिथे ओळखीचं कोणी उरत नाही.

'जुना पीएफ काढूनच घेतला तर?' अनेक जण तेच करतात. एक नोकरी संपली की पैसे काढायचे, मोबाइल किंवा बाइक घ्यायची. एकूण पाच वर्षांची सेवा भरण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते आणि ती ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर पॅन असतानाही १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा होणारा कर, कापला जातो. ट्रान्स्फर केला तर मागच्या कंपनीची वर्षं या पाचांत धरली जातात. टॅक्सपेक्षा मोठं नुकसान व्याजाचं आहे. २०२४-२५ साठी पीएफचा दर ८.२५ टक्के होता. हाच दर टिकला असं धरून चाला: सत्ताविसाव्या वर्षी काढून टाकलेले दोन लाख, तसेच ठेवले असते तर सत्तावन्नाव्या वर्षी साडेएकवीस लाखांच्या आसपास झाले असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याचे नियम सोपे करताना खात्यात २५ टक्के शिल्लक राखायची आणि बेरोजगारीत पूर्ण रक्कम काढण्यासाठीचा अवधी दोन महिन्यांवरून बारा महिने करायचा निर्णय घेतला. 'सोडली की काढली' या सवयीला लगाम घालणं हा त्यामागचा हेतू आहे. यावर मोठा आरडाओरडा झाला. पण वारंवार नोकरी बदलणाऱ्याचं म्हातारपण डोळ्यांपुढे आणलं तर हा निर्णय वाईट नाही.

पासबुकातला पेन्शनचा रकाना

मालकाच्या वाट्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के, पण जास्तीत जास्त १,२५० रुपये महिना, पेन्शन योजनेत जातात. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीत असण्याची गरज नाही. तीन, चार आणि साडेतीन वर्षं अशा तुकड्यांनीही दहा भरतात, फक्त ते तुकडे जोडलेले हवेत.

ट्रान्स्फर झाल्यावर नव्या पासबुकात पीएफची रक्कम दिसते, पण पेन्शनच्या रकान्यात जुने पैसे दिसत नाहीत. यावरून लोक हैराण होतात. तिथे पैसे सरकत नाहीत, सेवेची वर्षं सरकतात. पेन्शनचं सूत्र रकमेवर नाही, वर्षांवर चालतं: पेन्शनपात्र वेतन, ज्याची कमाल मर्यादा १५,००० आहे, गुणिले वर्षं, भागिले ७०. दहा वर्षांना महिना सुमारे २,१४३ रुपये; वीस किंवा जास्त वर्षं भरली की दोन वर्षं जादा धरतात, म्हणून पंचवीस वर्षांना ५,७८६. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण दर वेळी नोकरी सोडताना पेन्शनचा भागही काढून घेणाऱ्याची वर्षं प्रत्येक वेळी पुसली जातात आणि पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते. तात्पुरती नोकरी नसेल तर पैसे न काढता 'स्कीम सर्टिफिकेट' घेता येतं. त्यात झालेली सेवा नोंदलेली राहते.

एका वर्षात दोन पगार, आणि जुलैमधला धक्का

हा फटका सगळ्यात जास्त लोकांना बसतो आणि सगळ्यात कमी लोकांना आधी कळतो. समजा, नव्या कररचनेतल्या एका कर्मचाऱ्याला एप्रिल ते सप्टेंबर २०२५ दरमहा एक लाख पगार होता. ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत एक लाख तीस हजार. पहिल्या कंपनीने वर्षाचे बारा लाख धरले, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली, उरलेलं बारा लाखांच्या आत. म्हणून कर शून्य. दुसऱ्या कंपनीला जुना पगार माहीतच नाही. तिने सहा महिन्यांचे ७.८ लाख धरले. तिथेही कर शून्य.

प्रत्यक्षात वर्षाचं उत्पन्न १३.८ लाख आहे. वजावट एकदाच मिळते. करपात्र १३.०५ लाख, म्हणजे बारा लाखांपर्यंतची सवलत गेली. सेस धरून कर होतो ७८,७८० रुपये, आणि आगाऊ कर भरला नाही म्हणून त्यावर व्याज. रिटर्न भरायला बसल्यावर ही रक्कम समोर येते आणि दोष सीएला दिला जातो.

उपाय एका कागदाचा आहे. रुजू होताना मागच्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला विहित नमुन्यात कळवायचा. मग उरलेल्या महिन्यांत कर थोडा थोडा कापला जातो. हा कागद दिला तर जुना पगार उघड होईल, या भीतीने काही जण तो देत नाहीत. चालतं, पण मग डिसेंबर आणि मार्चचे आगाऊ कराचे हप्ते स्वतः भरावे लागतात.

घरभाडं महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त असेल, आणि मुंबईत टू बीएचकेला ते सहज होतं, तर भाडेकरूनेच २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर मार्चची वाट न पाहता तिथल्या शेवटच्या महिन्यात तो कापायचा. घरमालकाकडून डिपॉझिट परत घेण्याच्या गडबडीत हे नेमकं राहून जातं.

आजारपण आणि बाळंतपण

कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. ३१ तारखेला सोडलं आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला रुजू झालात, तर मधले दोन आठवडे घरातलं कोणीच विम्याखाली नसतं. पण खरा प्रश्न या दोन आठवड्यांचा नाही. कंपनीच्या पॉलिसीत बऱ्याचदा मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळे 'प्रतीक्षा कालावधी' नावाची काही चीज असते हे लक्षातच येत नाही. स्वतःची पॉलिसी घेतल्यावर जुन्या आजारांसाठी तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली, तेव्हा पहिली पॉलिसी घेतली आणि दोन वर्षांनी मधुमेहामुळे दवाखाना गाठावा लागला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून नोकरी वारंवार बदलणाऱ्याने स्वतःची लहानशी का होईना एक पॉलिसी तिशीतच सुरू करावी. तिचा कालावधी नोकरीकडे न बघता पुढे सरकत राहतो. कंपनी सोडतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंतीही करता येते, पण ती विमा संपण्याआधी करायची असते.

बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. जुन्या कंपनीचे दिवस यात धरत नाहीत. गरोदरपणात नोकरी बदलायची वेळ आली तर आधी कॅलेंडर घेऊन बसा.

महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतं. कांजूरमार्ग-भांडुपच्या गाळ्यांत किंवा मॉलमधल्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या सर्वांत जास्त बदलतात आणि नव्या ठिकाणी दर वेळी नवा विमा क्रमांक काढला जातो. तसं होऊ देऊ नका. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. दोन क्रमांकांत ती ४० आणि ४० अशी विभागली गेली तर दोन्हीकडे अपात्र. जुना क्रमांक दिला तर वर्गणी एकाच नावावर साठते, मालक कोणीही असो.

'पण नोकरी बदलल्याशिवाय पगार वाढतो कुठे?'

हा आक्षेप रास्त आहे आणि आकडेही बऱ्याचदा बदलणाऱ्याच्याच बाजूने असतात. एकूण पगार ८०,०००, त्यातलं ग्रॅच्युइटीसाठीचं वेतन ४०,००० आणि नवी ऑफर ३० टक्के जास्त, म्हणजे महिना २४,०००. चार वर्षं झालेल्या माणसाने ग्रॅच्युइटीसाठी आणखी वर्षभर थांबणं म्हणजे १.१५ लाखांसाठी २.८८ लाख सोडणं. थांबू नये. पण चार वर्षं नऊ महिने झाले असतील आणि कंपनी २४० दिवसांचा अर्थ मानत नसेल तर तीन महिन्यांची वाट ७२,००० ची आणि पदरात पडणार १.१५ लाख, तेही करमुक्त. इथे नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागावी. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आहे असं सांगितलं तर मुंबईत कोणी भुवया उंचावत नाही.

करिअरच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत बदलातून होणारी पगारवाढ बहुतेक तोटे भरून काढते. पुढे गणित उलटत जातं: वेतन मोठं असल्याने बुडणारी ग्रॅच्युइटी मोठी, आजारांची यादी लांब, गृहकर्जाच्या अर्जात बँकेला सलग नोकरी हवी, आणि प्रोबेशनवर असताना अनेक बँका अर्ज पुढे ढकलतात.

सोडण्याआधी नेमणूकपत्र पुन्हा एकदा वाचा. रुजू होतानाचा बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात का? वार्षिक बोनस मिळायला वाटपाच्या दिवशी पटावर असावं लागतं का? बाँड आहे का? 'बाँड कोर्टात टिकत नाही' हेही अर्धवट ज्ञान आहे. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नका, ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. पण तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरा, ही विजया बँकेची अट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली.

एक गोष्ट नव्या संहितांनी कर्मचाऱ्याच्या बाजूने केली. राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे उत्तर वेतनापुरतं तरी आता चालू नये.

घर: अकरा महिन्यांचं कोडं

'अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही' हे देशात अनेक ठिकाणी खरं आहे, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करारच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही.

सरकारी खर्च मात्र क्षुल्लक आहे. भाडं ३५,०००, डिपॉझिट १,०५,०००, मुदत ११ महिने: एकूण भाडं ३,८५,०००, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं ९,६२५ व्याज, आणि या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे साधारण १,००० रुपये, वर १,००० नोंदणी फी. तेहतीस महिन्यांचा करार केला तर शुल्क तीन हजारांच्या घरात जातं. मग दर अकरा महिन्यांनी घर बदलण्यात पैसे जातात कुठे? दलालीत. मुंबईत एक महिन्याचं भाडं हा रिवाज आहे. त्यात टेम्पो, एसी काढणं-बसवणं, दोन्ही घरांचं पंधरा दिवसांचं एकत्र भाडं मिळवा. ३५,००० च्या घरात प्रत्येक बदलाला दीड-दोन महिन्यांचं भाडं सहज जातं, म्हणजे दोन हजारांनी स्वस्त घर शोधून केलेली बचत दोन वर्षांतही भरून येत नाही. घरमालकाने दहा टक्के वाढ मागितली म्हणून तडकाफडकी घर सोडणाऱ्याने आधी ही बेरीज करावी: ३,५०० गुणिले ११ म्हणजे ३८,५००. बहुतेक वेळा राहणंच स्वस्त पडतं.

यावरचा उपाय म्हणजे पहिल्यांदाच २२ किंवा ३३ महिन्यांचा करार, दर अकरा महिन्यांची वाढ आकड्यात लिहिलेली, आणि लॉक-इन, म्हणजे ज्या काळात सोडता येत नाही तो, सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. नोकरी अस्थिर असेल तर लॉक-इनवर घासाघीस भाड्यापेक्षा महत्त्वाची. लॉक-इन मोडल्यास उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापतात.

डिपॉझिट परत मिळताना वाद होतात ते ठरलेल्या जागी. नव्या घराचं डिपॉझिट आधी द्यावं लागतं, जुनं चावी दिल्यावर मिळतं. मधल्या काळात लाख-सव्वा लाख हाताशी हवेत. डिपॉझिटचा काही भाग रोखीत देऊन करारात कमी आकडा दाखवला असेल तर वाद झाल्यावर करारातलाच आकडा खरा. विजेचं शेवटचं बिल घर सोडल्यावर येतं आणि महानगर गॅसचं दोन महिन्यांनी. म्हणून चावी देताना दोन्ही मीटरचे फोटो काढा आणि अंदाजे रक्कम तेवढीच राखून बाकी त्याच दिवशी हातात घ्या. रंग कोण काढणार हे करारात नसेल तर घरमालक एक महिन्याचं भाडं कापतोच. घर घेताना भिंती, बाथरूमचे नळ आणि खिडक्यांचे चॅनल यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी घरमालकाला पाठवून ठेवला की हा वाद बराच थंडावतो. उलट बाजूही आहे: मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ नुसार दुप्पट भाडं वसूल होऊ शकतं.

पत्ता बदलायचा क्रम

आधी करार नोंदवा, त्यात पती-पत्नी दोघांचीही नावं घाला. मग आधार, कारण बँक, गॅस, लायसन्स सगळे आधारच मागतात. नोंदणीकृत करार आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. करारात नाव नसलेल्याला कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं घरमालकाचं काम. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ते होतं. गाडीच्या नोंदणीत नवा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो, आणि हे जवळजवळ कोणीच करत नाही, जोवर चलान जुन्या पत्त्यावर जात नाही.

मतदार यादीसाठी फॉर्म ८. मुंबई महापालिकेची १५ जानेवारी २०२६ ची निवडणूक १ जुलै २०२५ च्या यादीवर झाली. त्या तारखेआधी नोंद न बदललेला माणूस राहतो मुलुंडला, नगरसेवक निवडतो गोरेगावचा. स्वतःच्या गल्लीतल्या नाल्याबद्दल तो कोणाला जाब विचारणार?

मुलांचं काय?

२०२४ मध्ये 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात डेन्मार्कमधल्या सुमारे ११ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा ते पंधरा या वयात एकदा राहता भाग बदललेल्यांमध्ये मोठेपणी नैराश्याचं प्रमाण, न बदललेल्यांपेक्षा ४१ टक्के जास्त आढळलं. दोन किंवा अधिक वेळा बदललेल्यांमध्ये ६१ टक्के. यावरून 'घर बदललं म्हणून नैराश्य आलं' असं म्हणता येत नाही. घर बदलायला लावणाऱ्या अडचणीही कारण असू शकतात, आणि डेन्मार्क म्हणजे मुंबई नव्हे. पण पाचवी ते दहावी हा काळ नाजूक आहे, एवढा इशारा त्यातून घ्यायला हरकत नाही. या वयात घर बदलावंच लागलं तर शाळा तीच राहील एवढ्या अंतरात शोधा. पुनर्विकासाला बिल्डिंग गेल्यावर तीन-चार वर्षं बाहेर राहणाऱ्यांनी तर भाड्यात थोडं जास्त घालून त्याच वॉर्डात राहावं.

शाळा बदलावी लागलीच तर पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा बाजूने आहे: दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

महिना कोणता?

नोकरी बदलण्यासाठी एप्रिलची सुरुवात सोयीची. एका आर्थिक वर्षात एकच मालक, कराचा घोळ नाही. फक्त वार्षिक बोनस मे-जूनमध्ये मिळणार असेल तर तो आधी खिशात पडू द्या. घरासाठी मे उत्तम. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाद्या आणि पुस्तकांची खोकी उघड्या टेम्पोतून नेणं म्हणजे भिजवणं, शिवाय राज्य मंडळाच्या शाळा तोवर सुरू होत असतात. करार लिहितानाच मुदत त्याप्रमाणे मागता येते. १ ऑगस्टपासून घर घेत असाल तर अकरा महिन्यांचा करार ३० जूनला, भर पावसात संपतो. बावीस महिन्यांचा केला तर तो ३१ मेला संपेल.